तळघरातलं बिऱ्हाड

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आमच्या ताईचं घर आहे. वरच्या दोन मजल्यांवर ताईची फॅमिली राहते आणि तळघरात 'द अ‍ॅडम्स फॅमिली'. खालचं बिऱ्हाड वजनाला सव्वाशे किलोच्या वर भरेल. त्याला चार लोखंडी पाय आहेत, पाठीशी उभी पेटी आहे, आत दिवेच दिवे आहेत आणि ते भाडं देत नाही. जन्म 1992 चा, म्हणजे ताईच्या लग्नाच्याही आधीचा. "यांचं पहिलं कुटुंब," अशी ताई पाहुण्यांना ओळख करून देते. पाहुणे हसले, की दाजी त्यांना जिना दाखवतात.

खाली गेलेला माणूस तासाभराच्या आत वर येत नाही. कारण दाजी पिनबॉल खेळू देण्याआधी पिनबॉलचा इतिहास सांगतात. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही त्यांनी तो सांगितला होता आणि प्लंबरने त्या तासाचे पैसे लावले होते.

मला इतिहास कळायला वेळ लागला नाही, कारण त्याची सुरुवात आमच्या साताऱ्याच्या घरातच झालेली होती. मे महिन्यात पोरांना दुपारी उन्हात जाऊ द्यायचं नाही म्हणून एक लाकडी बोर्ड काढला जायचा. त्यावर खिळ्यांची कुंपणं, एका बाजूला स्प्रिंगची दांडी आणि सोबत गोट्या. दांडी ओढून सोडली की गोटी वर जायची आणि खिळ्यांवर आपटत एखाद्या घरात पडायची. शंभराच्या घरात पडली तर आपलं कौशल्य, बाहेर पडली तर बोर्ड कललेला. बगाटेल म्हणायचे त्याला. त्या स्प्रिंगच्या दांडीचं पेटंट 1871 साली सिनसिनाटीच्या माँटॅग्यू रेडग्रेव्हने घेतलं, ही माहिती मला दाजींनी दिली. माझ्या माहितीप्रमाणे ती दांडी आमच्याकडे धाकट्या काकांनी तोडली.

पुढे अमेरिकेत मंदी आली. 1931 मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीबने 'बॅफल बॉल' नावाचं मशीन काढलं. नोकरी गेलेल्या माणसालाही एक पेनी परवडायची, त्यामुळे ते धडाक्याने खपलं. पण चेंडू उडवून झाल्यावर माणसाच्या हातात काही उरत नव्हतं. खाली येणाऱ्या चेंडूला परत वर मारणारे पंखे, म्हणजे फ्लिपर, आले ते 1947 च्या 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनवर. तोवर नशिबाकडे बघत उभं राहायचं, फार तर मशीनला कमरेने धक्का द्यायचा. साहजिकच सरकारला हा जुगार वाटला. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी 1942 साली त्यावर बंदी आणली. मशिनं जप्त झाली, घणाने फुटली. शिकागोचं तर आणखी गमतीचं. देशातली बहुतेक मशिनं बनायची शिकागोत आणि खेळायला बंदीही शिकागोत. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात दारूचा कारखाना काढावा, तसला प्रकार.

न्यूयॉर्कची बंदी उठली 1976 मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने शहराच्या समितीपुढे मशीन खेळून दाखवलं. हा कौशल्याचा खेळ आहे हे पटवायला त्याने आधी जाहीर केलं, की आता चेंडू मधल्या वाटेनेच खाली येईल. मग दांडी ओढली आणि चेंडू खरोखर मधल्या वाटेने आला. त्यात नशिबाचाही भाग होता हे शार्प यांनी स्वतःच पुढे सांगितलं. म्हणजे हा खेळ नशिबाचा नाही, हे नशिबाने सिद्ध झालं. दाजी या ठिकाणी थांबतात, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि मगच मशीनचं बटण दाबतात.

बटण दाबल्यावर मात्र दाजींना माफ करावं असं वाटतं. काचेखाली एक अख्खा भुताळ वाडा उजळतो. एक पेटी उघडते, आतून हात बाहेर येतो, चुंबकाने चेंडू उचलतो आणि पेटीत घेऊन जातो. बोर्डाखाली आणखी चुंबकं आहेत. ती सुरू झाली की चेंडू सरळ जायचं सोडून देव अंगात आल्यासारखा घुमतो. याच नावाच्या सिनेमातल्या राऊल हुलिया आणि अँजेलिका ह्यूस्टन यांनी या मशीनसाठी वेगळे संवाद बोलून दिले होते. त्यामुळे आपण चुकलो, की अत्यंत सुसंस्कृत आवाजात अपमान होतो. आणि एक करामत तर अशी, की ठरावीक वेळी मशीन आपला एक फ्लिपर स्वतःच मारतं. नेम चुकला तर पुढच्या वेळी मारण्याची वेळ थोडी मागेपुढे करून बघतं. "या घरात आपल्या चुकांतून शिकणारं हे एकटंच आहे," इति ताई.

पॅट लॉलर आणि लॅरी डिमार यांनी रचलेलं हे मशीन 20,270 इतकं बनलं. इलेक्ट्रॉनिक जमान्यातल्या पिनबॉलमध्ये याहून जास्त काहीच खपलेलं नाही. यावर माझी भाबडी शंका अशी होती, की जी वस्तू सर्वांत जास्त बनली ती दुर्मीळ कशी? दाजी म्हणाले, "दुर्मीळ नाहीच. हवीशी आहे." वीस हजार मशिनं आहेत आणि हवी असलेली माणसं त्याहून जास्त आहेत. 1994 मध्ये सोनेरी साजाची हजारेक मशिनं वेगळी काढली होती. आपलं त्यातलं नाही, हे दाजी स्वतःहून सांगतात, पण आवाज थोडा खाली घेऊन.

आता मूळ मुद्दा. ताईला तळघर हवं आहे. तिला तिथं गाण्याचा क्लास सुरू करायचा आहे, आणि मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी गॅरेजमध्ये गाडीच्या जागी राहतं तेही आत घ्यायचं आहे. गाडी बर्फात उभी असते. मशीनची आजची किंमत चांगल्या अवस्थेत दहा हजार डॉलरच्या आसपास जाऊ शकते. ताईचा हिशोब सरळ होता: विका. दाजी तोंडावर नाही म्हणाले नाहीत. संसारात मुरलेली माणसं नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "विकण्यापेक्षा बदलूया."

हे बदलणं मला आधी समजलं नाही. या शौकातली मंडळी मशीन विकण्यापेक्षा एकमेकांशी अदलाबदल करणं पसंत करतात. माझं घे, तुझं दे, फरक असेल तर वर पैसे. दाजींनी मला बाजूला घेऊन यामागचं अर्थशास्त्र सांगितलं. मशीन विकलं तर पैसे येतात. पैसे दोघांच्या खात्यात जातात. खात्यात गेलेला पैसा म्हणजे पाणी तापवायचा बंब, छपराची दुरुस्ती, पोरीच्या कॉलेजची फी. वर्षभराने विचारलं की पिनबॉलचं काय झालं, तर उत्तर येणार, बंब झाला. बदली केली तर मात्र पिनबॉलचा पिनबॉलच होतो. शिवाय बदलीत भाव बोलावा लागत नाही. दहा हजार हा आकडा एकदा तोंडाबाहेर पडला, की तो बायकोला ऐकू जातो.

ताईचंही अर्थशास्त्र होतं, आणि ते दाजींच्याहून छोटं होतं. "एक जाणार आणि एक येणार. मग जागा कुठं झाली?"

घरात असे दोन पक्ष पडल्यावर मेव्हण्याने गप्प बसावं. पण मी पाहुणा होतो आणि तळघरातल्या सोफ्यावर झोपत होतो, म्हणजे वादग्रस्त जागेत माझा तात्पुरता ताबा होता. त्यामुळे दोन्ही बाजू मला साक्षीदार समजत.

दाजींच्या बाजूने बोलायचं तर, त्यांनी बाजाराचा अभ्यास चोख केला होता. 'मिडिव्हल मॅडनेस' हे 1997 चं मशीन जेमतेम चार हजार बनलं होतं, आणि त्याची किंमत वर्षानुवर्षं चढत होती. मग एका कंपनीने तेच मशीन पुन्हा नवंकोरं बनवायला घेतलं. घोषणा झाली आणि जुन्यांचे भाव खाली आले. आपल्या मशीनचंही असं झालं तर? म्हणजे वेळेत हलवलेलं बरं. पण हलवायचं तर विकायचं, आणि विकलं तर पुन्हा तसं मिळायला मूळ बनवणारा आता कुठं आहे? ते बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीने 1999 साली पिनबॉलचा विभागच बंद केला, कारण कसिनोतल्या जुगाराच्या मशीनमध्ये जास्त पैसा होता. जुगार म्हणून घणाखाली गेलेला खेळ जुगार नाही म्हणून सुटला, आणि शेवटी जुगारापुढेच हरला. हे सांगताना दाजींचा गळा दाटून येतो आणि विकण्याचा विषय त्या दिवसापुरता मिटतो.

माझं स्वतःचं निरीक्षण थोडं वेगळं आहे. पन्नास-साठच्या दशकातली, बिनइलेक्ट्रॉनिक, रिळं फिरवून गुण दाखवणारी मशिनं आज याच्या तुलनेत स्वस्तात मिळतात. ती वाईट आहेत म्हणून नव्हे. ज्यांनी ती तरुणपणी खेळली ती माणसं आता मशीन विकत घेण्याऐवजी घर लहान करायच्या वयात आहेत. नव्वदीतली मशिनं महाग आहेत, कारण नव्वदीत कॉलेजात असलेल्यांच्या हातात आत्ता पैसा आहे आणि गुडघे अजून बरे आहेत. आणखी वीस वर्षांनी याचा भाव काय असेल ते दाजींच्या गुडघ्यांना विचारावं. हे मी त्यांना बोललो नाही. मला अजून बरेच दिवस राहायचं होतं.

किंमत ठरवण्याचा प्रयत्नही झाला, तेव्हा मला एक प्रयोग आठवला. शिकागो विद्यापीठातल्या रिचर्ड थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. वर्गातल्या अर्ध्या मुलांना कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? उरलेल्यांना विचारलं, कितीला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेला भाव घेणाऱ्यांच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. मग मिळून काही फार काळ लोटला नव्हता. दाजींकडे हे मशीन भाची रांगायच्या आधीपासून आहे. भाचीचा उभं राहायला शिकतानाचा पहिला आधार म्हणजे या मशीनचा डावा पुढचा पाय. त्या पायाचे किती लावायचे, यावरच एक शनिवार गेला.

शेवटी असं ठरलं, की आधी मशीन साफ तर करू. विका नाहीतर बदला, स्वच्छ हवंच. ही ताईची चूक होती. दाजींनी काच काढली, जुनी रबरं उतरवून नवी चढवली, मेण लावून बोर्ड घासला, गेलेले दिवे बदलले. मागच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक बोर्डावर तीन साधे पेन्सिल सेल असतात. ते वेळेवर बदलले नाहीत तर फुटतात आणि त्यातला क्षार बोर्ड खाऊन टाकतो. त्या काळच्या मशीनचा हा राजरोग आहे. दाजींनी ते सेल बोर्डावरून कधीच हलवून वायरीने खाली आणलेले आहेत, ते त्यांनी मला पुन्हा दाखवले. फोन बोर्डावर ठेवून उतार मोजला: साडेसहा अंश, पाहिजे तेवढा. मग चेंडू नीट पळतोय का हे तपासायला म्हणून एक डाव लावला.

ऐंशी ग्रॅमचा पोलादी गोळा मेणावरून असा सुटला, की दाजींनी वाड्याच्या सगळ्या खोल्या एकामागून एक पार केल्या. हे त्यांना कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. मशीनच्या पोटात एक हातोडी असते, जादा डाव मिळाला की ती लाकडावर ठाणकन आपटते. रात्री साडेअकराला ती आपटली आणि ताई जिन्यात येऊन उभी राहिली.

"विकायला म्हणून साफ केलंत ना?"

"हो. आता दुप्पट किंमत येईल."

"आणि विकणार?"

"आता कोण विकेल?"

तरीही जाहिरात गेली, कारण ती ताईने लिहिली. दाजींनी ती 'सुधारली', म्हणजे तिच्यात 'बदलीस प्राधान्य' एवढेच दोन शब्द घातले. आठवड्याभरात विस्कॉन्सिनमधून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे 'ट्वायलाइट झोन' होतं, त्याच पॅट लॉलरचं, 1993 चं. दाजी पलीकडच्या खोलीत जाऊन बोलले. लग्न झालेल्या माणसाने पलीकडच्या खोलीत जाऊन बोलावं असे फोन फार कमी असतात.

आमचे आजोबा बैलांचे जाणकार होते. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथं मी लहानपणी त्यांच्याबरोबर फिरलोय. घेणारा बैलाचे ओठ वर करून दात बघायचा, दोनदाती आहे की चारदाती, चालवून बघायचा, खांदा दाबून बघायचा. मग दोघं रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचे. आणि एक नियम कधी चुकला नाही: मालक आपल्या जनावराची तारीफच करायचा. मारका असला तर 'पाणीदार आहे' म्हणायचा, आळशी असला तर 'गरीब आहे, पोर हाकील'. त्यामुळे रविवारी सकाळी ते विस्कॉन्सिनकर दारात उभे राहिले, मागे बंद ट्रेलर, ट्रेलरमध्ये पाय काढून आडवं घातलेलं त्यांचं मशीन, तेव्हा आता काय बघायला मिळणार याची मला पूर्ण कल्पना होती.

पाहुण्यांनी खाली जाऊन विजेरी काढली, बोर्ड उचलून उभा केला, खालची वायरिंग बघितली, सेल बघितले, वाकून वासही घेतला. इथवर सगळं पुसेगावच होतं. पुढे बिघडलं. दाजी म्हणाले, "चुंबकांपाशी बोर्ड जरा झिजलाय बरं का." कुणी विचारलं नव्हतं. पाहुणे म्हणाले, असू दे, आमच्याही मशीनचं घड्याळ अधूनमधून अडकतं. दाजी म्हणाले, तो हात कधीकधी चेंडू सोडत नाही. पाहुणे म्हणाले, आमचा पांढरा चेंडू ओरखडलाय. (त्या मशीनमध्ये एक चेंडू पोलादाऐवजी सिरॅमिकचा असतो. हलका, आणि चुंबकाला न जुमानणारा.) दाजींनी डाव्या पायाला भाचीने लहानपणी केलेल्या खुणा दाखवल्या. पाहुण्यांनी त्यांच्या ट्रेलरमध्ये नेऊन कुत्र्याने खाल्लेला कोपरा दाखवला. दोघंही आपापल्या जनावराच्या अंगातला एकेक अवगुण असा हौसेने काढून समोरच्यापुढे ठेवत होते, की आजोबा असते तर बाजारातून उठून घरी गेले असते.

मग माझ्या लक्षात आलं. सौदा मोडावा आणि तो समोरच्याने मोडावा, एवढ्यासाठी दोघांची धडपड चालली होती. घरी जाऊन सांगता आलं पाहिजे: मी तयार होतो गं, त्यालाच पसंत पडलं नाही.

पाहुण्यांच्या मिसेस गाडीतच बसून होत्या. ताईने त्यांना आत आणून चहा दिला, पोहे दिले. त्यांचंही तळघर होतं. त्यांना तिथं शिवणकामाची मशिनं मांडायची होती. त्यांचेही 'हे' विकायला तयार नव्हते आणि बदलीला तयार होते. दहा मिनिटांत दोघींचं सगळं जुळलं. मग ताईने ड्रॉवरमधून टेप काढला आणि दोघी खाली उतरल्या. आधी आमचं मशीन मोजलं, मग ट्रेलरमध्ये चढून त्यांचं मोजलं. 'ट्वायलाइट झोन' हे रुंद अंगाचं मशीन आहे, नेहमीच्यापेक्षा काही इंच ऐसपैस. ही गोष्ट या शौकातल्या प्रत्येकाला पाठ असते. दाजींनी ती घरी सांगितली नव्हती.

ताई टेप तसाच धरून दाजींसमोर आली. "बदली करून जागा वाढणार होती ना?"

"त्यात खरोखरची वेळ दाखवणारं घड्याळ आहे," दाजी म्हणाले.

"घरात घड्याळं आहेत. सगळी चालू आहेत."

बदली फिसकटली. दोन्ही पुरुषांनी खेदाने हात मिळवले. इतक्या आनंदी खेदाने मिळवलेले हात मी पाहिले नाहीत. मग इतक्या लांबून आलाच आहात तर एक डाव होऊन जाऊ दे, असं दाजी म्हणाले, आणि दुसरं मशीनही उतरवून पाय लावून बघू, निदान चालतंय का ते तरी कळेल, असं पाहुणे म्हणाले. ट्रेलरमधून ते काढायला चौघं लागले, त्यातला एक मी. शेजारी शेजारी उभी केल्यावर दोन्ही मशिनं एकाच माणसाची आहेत हे मलासुद्धा कळलं. दोघांनी रात्रीपर्यंत आलटून पालटून खेळून दोन्हींत एकही दोष शिल्लक ठेवला नाही. हात चेंडू सोडत होता. घड्याळ अडकत नव्हतं.

अंधार पडल्यावर प्रश्न आला ते परत चढवायचं कुणी. पाहुण्यांची पाठ धरली होती. माझीही धरली होती, पण माझ्या पाठीला त्या चर्चेत मत नव्हतं. त्यांच्या मिसेसनी तोडगा काढला: राहू दे की इथंच, महिनाभर. त्या हे बोलल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शिवणयंत्रं मांडलेली दिसत होती. ताई काही बोलायच्या आत दाजींनी मशीनवर चादर घातली.

तो महिना उलटून गेला आहे. परवा ताईचा फोन आला, की एकदाची जाहिरात दिली, वस्तू त्याच दुपारी गेली आणि भावासाठी दाजींनी अर्धं मिनिटही घेतलं नाही. मी म्हटलं, काय सांगतेस, कोणतं गेलं दोन्हींपैकी?

"तू झोपायचास तो सोफा," ताई म्हणाली. "दोन्हींच्या मधे येत होता."